व्हिएन्ना, एक तासावर

कागद मीच आखलाय. शनिवार, सकाळची गाडी,
ब्रातिस्लाव्हाहून तासाभरात व्हिएन्ना.
इतकं जवळ, की जायचं राहूनच गेलं.

मातूशला आकाशपाळणा हवा,
टेरेझाला पांडा.
ल्युबोश म्हणतो, तिथं कॉफीला सोन्याचा भाव,
थर्मास घेऊ, कटलेटं फॉइलमध्ये.
म्युझियम सोमवारी बंद. आपण जाणार शनिवारी,
तरी मी तीनदा पाहून ठेवलं.

‘बाबा, तुम्हाला काय बघायचंय?’

सासरे बटाटे सोलत होते.
साल तुटू देत नाहीत, पलटणीतली सवय.
‘हाइनबुर्ग.’
अहो, ते व्हिएन्नात नाही,
अलीकडचं बारकं गाव, तिथं काय आहे?
‘टेकडी आहे.’

एकोणिसाव्या वर्षी देव्हीनच्या मनोऱ्यावर
दोन हिवाळे, दोन उन्हाळे. खाली तारा, मग नदी,
पल्याड ती टेकडी.
दुर्बीण नदीवरच धरायची,
आपल्यातलंच कुणी पोहत निघालं तर.
रविवारी मात्र ती वर सरकायची.
टेकडीवर माणसं चादर अंथरून जेवत असत.
एकदा एका बाईनं हात हलवला.
‘मग तुम्ही?’ टेरेझानं विचारलं.
‘माझ्या हातात बंदूक होती, बाळा.’

साल तुटली.
ल्युबोशनं विचारलं, टेकडीचं तिकीट किती?

मी म्युझियमवर काट मारली.
बाबा उठले, हात धुतले,
कपाटापाशी जाऊन म्हणाले,
चादर जरा मोठी घे. निळी चालेल.
लांबून दिसते.