विसण

काचेवरच्या पट्टीत बावीसचा आकडा हिरवा झालाय.
हिरवा हवा होता तो सव्वीसचा.

टाकी आमची नव्हे,
शेजारच्या ॲक्रॉइडबाईंची.
केअर होममध्ये मांजर चालतं म्हणे,
मासे नाहीत.
निम्मं पाणी उपसून
श्रीरंगने आणि त्यांच्या पुतण्याने ती उचलून आणली
मयत नेतात तशी,
पावलं जुळवत, न बोलता.

सोबत चिठ्ठी होती.
खायला चिमूटभर, दोनदा.
उजेड आठ तास.
सव्वीसच्या खाली नाही.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा,
दुसरी कागद फाडून गेलेली.

हॅलिफॅक्सच्या या चढावर
जानेवारीत चार वाजताच अंधारून येतं.
घर आम्ही सतरावर ठेवतो.
मीटरमध्ये पैसे आधी भरायचे
आणि मग आकडा उतरताना बघायचा,
सलाईनच्या बाटलीकडे बघतात तसा.

हीटरचा लाल दिवा लागलेला.
प्लग काढला, थांबले, हात घातला.
काच थंडगार.
म्हणजे दिवा इतके दिवस
नुसता हो हो म्हणत होता.

एंजल मासे तळाशी, पर मिटून,
बढती हुकलेल्या कारकुनांसारखे.
यांचं मूळ म्हणे ॲमेझॉनचं.
पण यांचे आजे-पणजेही
कुठल्याशा गोदामातल्या टाकीतच जन्मले.
तरी अंगाला बरोबर ठाऊक
कुठलं पाणी आपलं.

रविवार. दुकान बंद.
श्रीरंग रात्रपाळीला वेकफिल्डला.
मी रजई काढली, टाकीला गुंडाळली,
दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत कढत पाणी भरून
वर तरंगत सोडल्या,
आणि एका बादलीत किटली ओतली.
रेवाला म्हटलं, विसण घाल.

काय घाल?

दहा वर्षांच्या पोरीला
हा शब्द द्यायचा राहूनच गेला होता.
इथे नळ फिरवला की शॉवर आपोआप बेताचा.
थंड पाणी का, ती म्हणाली.
नुसतं थंड नव्हे गं.
कढत पाण्याला माणसात आणतं ते.
तिने तांब्या तांब्या घातलं,
क्लोरीनच्या औषधाचे थेंब मोजले,
मी कोपर बुडवून पाहिलं,
तिनेही बाही सारून पाहिलं,
हाताला नाही कळत, कोपराला कळतं,
हे मात्र तिला सांगावं लागलं नाही.

मगाने, थोडं थोडं.
तासाला एक अंश, जास्त घाई नाही.
अकराला तेवीस. एकला चोवीस.
तीनला परत तेवीस.
मी किटलीशी बसून राहिले.
इतकं लक्ष ठेवून
स्वतःचे पाय तरी कधी शेकले होते?

सोमवारी दुकानदार म्हणाला,
दोनशे वॅटचा एक नको, शंभराचे दोन घ्या.
एक बिघडून चालूच राहिला,
तर एकट्याने टाकी उकडणार नाही.
एक गेला, तर दुसरा
सकाळपर्यंत कसंबसं निभावेल.
माझी दिवसपाळी, श्रीरंगची रात्रपाळी.
मी काही बोलले नाही.
दोन घेतले.

बुधवारी सव्वीस हिरवा झाला.
रजई अजून तिथेच आहे,
रेवा गृहपाठ टाकीला पाठ टेकून करते.
मासे वर आलेत, पर पसरून,
आणि आम्हाला ओळखत नसल्यासारखे फिरतात.

ॲक्रॉइडबाईंना फोन केला.
मासे कसे आहेत, हे त्यांनी विचारलंच नाही.
किती आहे?
सव्वीस.
इथेही तितकंच असावं, त्या म्हणाल्या,
खिडकी उघडू देत नाहीत.
मग बराच वेळ टीव्हीचा आवाज.
मग, तुमचं घर कसं आहे गं, ऊबदार?

विसण लागत नाही,
हे त्यांना कुठल्या भाषेत सांगायचं?
ठीक आहे, म्हटलं.