चौथ्या मिनिटाची घंटा

शाळेत वादविवाद असला की घंटा माझ्याकडे.
पितळेची, मुठीएवढी, जीभ जरा वाकडी.
चौथ्या मिनिटाला एकदा, पाचव्याला दोनदा.
एरवी मी प्रयोगशाळेत
ब्युरेटच्या तोट्यांना व्हॅसलीन लावतो.
आजचं काम इज्जतीचं.

फळ्यावर ठराव,
चित्रकलेच्या सरांच्या वळणदार अक्षरात:
राष्ट्राध्यक्षांच्या धोरणांमुळे जग अधिक सुरक्षित झाले आहे.
कुठले राष्ट्राध्यक्ष, ते लिहिलं नव्हतं.
गरज नव्हती. ऐरोलीत कोथिंबीरवालीलाही ठाऊक.
सेक्टर आठच्या सलूनमध्ये त्याच्या नावाने
रोज कुणाचा तरी एक गाल अर्धा राहतो.

बाजू चिठ्ठी उचलून मिळते.
मनाली शेलटकरला आली अनुकूल.
तिचा मामा व्हिसा संपून मार्चमध्ये परत आलाय,
बॅगा अजून हॉलमध्येच उभ्या,
त्यांच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात.
तरी पोरगी ताठ उभी राहिली.
म्हणाली, ज्याच्याकडे चिप, त्याच्याकडे चावी.
आपण घराची चावी शेजाऱ्याला देतो का?
टाळ्या.
तौसीफ मुकादम म्हणाला, देतो की.
गावाला जाताना शेजाऱ्यालाच देतो.
याहून मोठ्या टाळ्या.

मग त्याने खिडकीकडे हात केला.
तिकडे रबाळ्याला, डोंगर जिथे कापलाय,
बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत,
आत माणूस जवळजवळ नाही,
नुसता गारवा आणि घरघर.
उद्या कुठल्या छपरावर काय टाकायचं
हे अशाच एखाद्या थंड खोलीतलं यंत्र ठरवणार,
आणि त्याच्या विजेचं बिल
कुठल्या देशाच्या नावावर फाडायचं?
टिपणीस बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं,
मग खोडलं.

शेवटी मनालीला उत्तराची पाच मिनिटं.
मी घड्याळाचं बटण दाबलं.
आरमार, ती म्हणाली.
आरमार पाठवलं नसतं तर सामुद्रधुनी बंद पडली असती.
शांततेची किंमत मोजावी लागते, परीक्षक महोदय.
बावीस दिवसांत फक्त चार जहाजं अडकली.
फक्त चार.

त्या चारातलं तिसरं, लाल बुडाचं.
त्याच्या इंजिनखोलीत माझा जयेंद्र आहे, ऑइलर.
दिव्याच्या खाडीत माझ्या बापाची होडी होती तेव्हा
समुद्र म्हणजे चिखल, निवट्या,
आणि भरतीच्या आधी घरी परतणं.
सामुद्रधुनी हा शब्द मी फक्त
भूगोलाचे नकाशे गुंडाळताना वाचलेला.
आता बायको तो रोज म्हणते, आपल्या तोंडाने,
सामुद्रधुणी,
जणू कुणाचं धुणं भिजत राहिलंय.

चार मिनिटं झाली.
घंटा हातातच होती.
चार मिनिटं दहा सेकंद.
चार वीस.
मला वाटलं, बोलू दे हिला.
ही बोलतेय तोवर आकडा चारच राहील.
घंटा वाजली की कुणीतरी उठेल
आणि पुढचा मुद्दा मांडेल.

पाच मिनिटं. साडेपाच.
मनालीचे मुद्दे संपले होते.
मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं.
तिने माझ्याकडे पाहिलं,
माझ्या मुठीकडे पाहिलं,
आवंढा गिळला,
आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली,
या वेळी 'फक्त' गाळून.

तेव्हा मी वाजवली.
एकदा की दोनदा, आठवत नाही.

ढाल तौसीफला गेली.
मनालीचे दोन गुण कापले, वेळ ओलांडल्याबद्दल.
मी पुढे होऊन म्हटलं, चूक पोरीची नाही, बाई,
या घंटेची जीभ वाकडी आहे, अडकते.
टिपणीस बाईंनी ती हातात घेऊन हलवली.
स्वच्छ वाजली.
बदलून घ्या, त्या म्हणाल्या,
आणि परत माझ्या हातात ठेवली.