उलटं मिठागर

इंजिनिअरनं पेन्सिलीनं भिंत ठोठावली,
म्हणाला, बीम इथून जातो, टाकी ह्याच रेषेवर,
वीतभरही इकडेतिकडे नको.
नऊशे लिटर पाणी, एकोणीस मिलिमीटरची काच,
खडक, वाळू, खाली लोखंडी घोडा,
सगळं धरून चौदाशे किलो.
म्हणजे वीसेक माणसं, मी मनात म्हटलं,
बाहेरच्या खोलीत वर्षानुवर्षं उभी,
एकानंही चहा न मागता.

दुसरा मजला, उलवे.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडातून वाट्याला आलेला.
खाली पार्किंग. त्याच्याखाली मुरूम.
मुरमाखाली आमची कोंडी,
जिच्यात बाबा माघापासून मिरगापर्यंत मीठ पिकवायचे.
खाडी खिडकीतून दिसते, चालत बारा मिनिटं.
पण तिचं पाणी टाकीला चालत नाही.
हे मी वैजूला तीनदा समजावलं.
तिसऱ्यांदा माझंच मला पटेना.

तेव्हा मीठ आलं जर्मनीहून, बादलीतून,
बादलीवर निळी लाट छापलेली.
भाव मी बाबांना सांगितला नाही.
त्यांनी चष्मा लावून स्वतःच वाचला,
मग चष्मा काढून पुन्हा वाचला.

तुर्भ्याहून आणलेल्या पिंपात आरओचं गोडं पाणी,
लिटरला पस्तीस ग्रॅम,
स्वयंपाकघरातला काटा, रव्याची वाटी.
मी नळी डोळ्याला लावून उजेडाकडे धरली:
एक पूर्णांक शून्य बावीस.
बाबांनी करंगळी बुडवली, जिभेला लावली.
‘कमी हाय.’
मग जरा थांबून,
‘आमी पान्यानशी मीठ कारलं,
तू मिठानशी पानी कारतंस.’
आणि टीव्हीकडे वळले.

प्रवाळ ठेवलं नाही. ते कायद्यानं समुद्राचंच.
तुकडा विकणारे फोन करतात, मी उचलत नाही.
माझे खडक पेणच्या जयदासनं भाजून दिले
गणपतीचा हंगाम उरकल्यावर;
असल्या भोकाभोकांच्या गोळ्यांचे पैसे घ्यायला
त्यालाच कसंतरी वाटलं.

सहा आठवडे टाकीत काहीच नव्हतं.
म्हणजे होतं, पण परीक्षानळीत:
पिवळ्याचं हिरवं, हिरव्याचं पुन्हा पिवळं.
काचेवर तपकिरी बुरा.
समोरच्या कुट्टीबाई हळहळून विचारून गेल्या,
मासे मेले का हो?
आले कुठे होते!
वैजू वीजबिल फ्रिजवर चिकटवून ठेवायची,
न बोलता.

मग दोन आले, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे,
तमिळनाडूत हौदातच जन्मलेले.
समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता.
पहिला दिवस ते एका कोपऱ्यात उभे,
नव्या शाळेतल्या भावंडांसारखे.

मे महिन्यात एका रात्री वीज गेली.
इन्व्हर्टरनं तासाभरात मान टाकली.
मी न्हावाशेव्याला रात्रपाळीत,
फोन लॉकरमध्ये.
पहाटे दार उघडलं तर मेणबत्ती,
वैजू जमिनीवर झोपलेली,
आणि स्टुलावर उभे बाबा, बनियनवर,
तांब्यानं टाकीतलं पाणी उचलत, वरून सोडत,
उचलत, सोडत.
कितीदा, कोण मोजणार.
पान्याला पडाया पायजे, म्हणाले,
उघाडीतून उधाणाचं पडतं तसं.
पडलं नाय का कुजतं.
कोणी शिकवलं, मी विचारलं नाही.
तांब्या घेतला त्यांच्या हातून. त्यांनी लगेच दिला नाही.

दोन्ही मासे आहेत.
पाणी रोज बोटभर आटतं,
काचेच्या कडेवर पांढरी खरखरीत रेघ उमटते,
ती पुसावी लागते, वायरींत गेली तर घात.
आता मी पुसत नाही.
सकाळी आंघोळीआधी बाबा अंगठ्याच्या नखानं
ती खरवडतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत,
बांधावरून चालावं तसे सावकाश,
आणि कातळ्याच्या जुन्या डबीत भरतात.
आमटीत घालायचं नाही हं, वैजू आतून ओरडते.
ते मान हलवतात.
काल डबी कानाशी नेऊन हलवून पाहिली,
आणि मला म्हणाले,
यंदा पीक बरं हाय.