उतरताना

रोज संध्याकाळी पाच पन्नासला
मी गाडी इमारतीखाली लावते, इंजिन बंद करते,
आणि उतरत नाही.

कौनासमध्ये जानेवारी म्हणजे उणे सोळा,
आणि मी ज्या कचेरीत बसते
तिथे साऱ्या शहराचा गारठा फोनवरून येतो.
"आमचा रेडिएटर थंड आहे."
"आमचाही."
"माझी म्हातारी कोट घालून झोपते, बाई,
तुम्हाला काही वाटतं का?"
वाटतं. पण स्क्रीनवर 'वाटतं' असा पर्याय नाही,
'नोंद झाली' असा आहे.
दिवसाला नव्वद वेळा मी नोंद झाली म्हणते.
हेडफोन काढला की कान लाल,
आणि घसा, कुणाशीही न भांडता, बसलेला.

मागच्या महिन्यात कंपनीनं एक प्रशिक्षक आणला,
गुळगुळीत आवाजाचा.
म्हणाला, डोळे मिटा, समुद्र आठवा.
मी पालांगाचा समुद्र आठवला,
राखाडी, बिनगर्दीचा,
आणि तिसऱ्या लाटेला रिंग वाजली.
शेजारची ग्राझवीडा फिस्सकन हसली.
त्यानंतर समुद्राचं नाव कुणी काढलं नाही.

ही सात मिनिटं मला कुणी शिकवली नाहीत.
एकदा गुडघे वर चढायला तयारच होईनात,
तिथून सुरू झाली.
डॅशबोर्डचे दिवे एकेक करून विझतात.
निवत जाणारं इंजिन टिकटिकतं
आणि मग तेही सोडून देतं.
मागच्या सीटवर मुलाचे बास्केटबॉलचे बूट, त्यांचा तो वास.
काचेवर माझाच श्वास साचतो,
आणि चौथ्या मजल्यावरचा पिवळा चौकोन,
त्यातलं सासूबाईंचं डोकं,
सिंकमधली भांडी, शुक्रवारचा हप्ता,
सगळं पुसट होत जातं.
मी श्वास मोजत नाही.
मोजणं ऑफिसात झालेलं असतं.

दोन गाड्या सोडून तिसऱ्या मजल्यावरचे वाइदोतास,
अंधारात, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून,
तेही तसेच.
आम्ही एकमेकांकडे बघत नाही.
जिन्यात भेटलो तर बर्फाबद्दल बोलतो.

काल मात्र मागचं दार उघडलं.
थंडीचा लोट आला, आणि पाठोपाठ मांतविदास,
वय वर्षं नऊ, जॅकेटखाली पायजमा.
"वरून दिसतेस तू. रोज. काय करतेस इथे?"
"उतरतेय."
"पण तू तर गाडीतच आहेस."
मी म्हटलं, ताप उतरतो ना, तसं.
दूध वर आलं की आच बारीक करतो, तसं.
पटलं की नाही कोण जाणे.
बूट बाजूला सारून तो बसला, गप्प.
काचेवर बोटानं एक चेंडू काढला,
टोपली काढायची राहिलीच.

सातची अकरा मिनिटं झाली.
मग म्हणाला, अगदी हळू,
जणू माझी झोपमोड व्हायला नको,
"आई, आपला रेडिएटर दुपारपासून थंड आहे.
आजी कोट घालून बसलीय."

आधी वाटलं, रडू येईल.
आलं ते हसू, पार पोटातून,
इतकं की गाडी हलली
आणि वाइदोतासांनी पहिल्यांदाच मान वळवून पाहिलं.

"नोंद झाली," मी म्हटलं,
आणि किल्ली काढून घेतली.