मळी

आमच्या बँडचं नाव काहिल.
पुण्यातल्या लोकांना वाटायचं, उन्हाची.
आम्ही म्हणायचो, गुळाची. आठ फुटी, लोखंडी,
वडणग्याच्या अलीकडं शेळक्यांच्या गुऱ्हाळात
चुलवाणावर बसवलेली.

हंगाम संपला की गुऱ्हाळ मोकळं.
माशा तेवढ्या उरायच्या, आणि पत्र्याला चिकटलेला वास.
चिपाडावरनं आम्ही केबल टाकायचो
आणि तेजपाल रिकाम्या काहिलीत माईक सोडायचा
दोरीनं, विहिरीत घागर सोडल्यागत.
आवाज तळाला जायचा, जरा वेळ बसायचा,
आणि घट्ट होऊन वर यायचा.

टेकला आम्ही टेक म्हणत नव्हतो. आदण म्हणायचो.
"हे आदण करपलं."
"अजून एक लावू."
यासीन काठ्या बोटांत फिरवत विचारायचा, "परत?"

मग फुटलो. कारण सांगितलं तर हसाल.
इचलकरंजीच्या कार्यक्रमाचे साडेचार हजार,
टेम्पोचं डिझेल,
आणि अभिनंदनची गिटार पावसात कुणी ठेवली, हे.
अजून ठरलेलं नाही.

सात वर्षांनी बंगळूरहून एका पोरीचा फोन.
जुनं काही असेल तर अल्बम काढू म्हणाली.
"बेस कोण वाजवायचं?"
"मी वाजवायचो."
ती गप्प. माझा आवाज बाईचा.
म्हटलं, आमच्याकडं बायकाही अशाच बोलतात,
आलो, गेलो, जेवलो. लिहून घे.

पुरात शेड गेली. हार्ड डिस्क वाचली,
आत्याच्या तिसऱ्या मजल्यावर, पापडाच्या डब्यात.
उघडली तर नावं अशी:
नवीन शेवट. नवीन शेवट खरा.
यासीन रागात.
नाव नाही सात.
चांगली गाणी आम्ही तेव्हाच विकून खाल्ली होती,
हे त्यातनं गाळलेलं.

गाळलेल्याला शब्द आहे आमच्यात.
रस उकळला की वर फेस येतो, काळपट,
भेंडीचं पाणी मारायचं आणि झाऱ्यानं ओढून घ्यायचा.
दौलू गुळव्या म्हणायचा,
मळी काढल्याबिगर गूळ पिवळा होत न्हाई.
आणि काढलेल्या मळीचं काय, मामा?
टाकतंय कोण? रानात घालायची. ऊस खातोय तिला.

चौथ्या आदणात मामा खोकतो.
पुण्याच्या इंजिनिअरनं विचारलं, काढू?
मामा पुराच्या आधीच गेला. खोकला राहिलाय.
म्हटलं, हात लावू नकोस.

तेजपालनं दुबईतनं कव्हर पाठवलं, नुसता झारा.
यासीननं विचारलं, पैसे किती. बरोबर विचारलं.
अभिनंदनला चार मेल केले. काही नाही.

शेवटच्या फाइलला नावच नव्हतं.
सुरुवातीला सगळे आहोत, मोठ्यानं, थोडे बेसूर,
मग खट्ट.
लाईट गेलेली. अँप मेलेला.
बॅटरीवरचा रेकॉर्डर तेवढा जागा,
आणि काहिलीच्या काठावर बसून
अभिनंदन वाजवतच राहिलाय, कोरड्या तारा,
नखांचा आवाज, बाहेर बेडूक, कुणीतरी काडी ओढली.
दोन मिनिटांनी माझा आवाज, केवढा लहान:
"अभ्या, लाईट गेली की."
"माहितेय."
आणि तो थांबत नाही.

ती फाइल मी त्याला पाठवली. मजकूर काहीच लिहिला नाही.
तिसऱ्या दिवशी उत्तर, एक ओळ:
हे शेवटी ठेवा. मला पैसे नकोत.
गिटारचं काही लिहिलं नव्हतं.

काल रात्री बाराला अल्बम आला.
नाव मळी. पोरीला अर्थ सांगताना माझा घसा बसला.
साडेबारापर्यंत एकोणचाळीस जणांनी ऐकला,
त्यातल्या सहा वेळा मी.

मग जुन्या ग्रुपवर, सात वर्षं मेलेल्या,
यासीनचा मेसेज. एकच शब्द.
परत?

तेजपालनं वाचला. मी वाचला.
अभिनंदनच्या नावाखाली "टाइप करत आहे" आलं,
गेलं,
पुन्हा आलं.
दूध उतू जायला लागलं होतं.
मी उठलो.