उसने केस

कुंचला घ्यायचा तर आधी पाणी मागायचं.
खडे बाजारातला दुकानदार आठ्या घालून
चहाचा ग्लास पुढं सरकवायचा.
बुडवायचा, मनगटाला एकच झटका.
टोक जुळलं तर भावाचं बोलणं.
दोन टोकं झाली तर चित्रगार म्हणायचे,
"सापाची जीभ हाय ही. ठेव परत."

इराप्पा चित्रगार, कोरे गल्ली, शहापूर.
दिवसा पाट्या: किराणा, दवाखाना, सायकल मार्ट,
चार बोटं रुंद ब्रश, एनॅमल, शिडी.
रात्री त्याच हातानं
आगपेटीएवढ्या कागदावर हत्तीचा डोळा,
डोळ्यात माहूत, माहुताच्या कानात बाळी.
मी विचारलं, हात बिघडत नाही?
"हाताला काय कळतंय? श्वासाला कळतंय.
भुवईचा केस ओढूस्तोर श्वास सोडायचा न्हाई."

मागच्या बदामावर खार यायची.
पेरूची फोड, उपडी टोपली, दोरी.
शेपटीचे थोडे केस कात्रीनं, की दिली सोडून.
"उसने घेतले," म्हणायचे,
आणि दुसऱ्या दिवशी बदामाखाली
मूठभर शेंगदाणे. व्याजासकट.

कबुतराच्या पिसाची नळी रात्रभर भिजत घालायची,
केस टोकाकडून आत सरकवायचे, हळू,
दोरा मुळाशी.
टोक कापून सारखं करायचं नाही.
ते जसं जन्मलं तसंच लागतं.
मी एकदा कापलं.
तीन दिवस बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी, "काय करूलालीस? ये, बस."

रंग ठेवायला शिंपले,
बहिणीकडून, वेंगुर्ल्याच्या एसटीतून, पिशवीत वाळूसकट.
एका शिंपल्यात एकच रंग, आयुष्यभर.
हिरव्याच्या घरात पिवळा पाहुणा नको.
मिसळायला हॉटेलातली कान तुटलेली बशी,
आणि शेवटचा थेंब डाव्या अंगठ्याच्या नखावर:
तिथं दाट वाटला तर कागदावर दाटच.
टोक ओठांनी जुळवायचं,
पण हरताळाला ओठ लावायचे नाहीत,
ते सोन्यासारखं दिसतं आणि विष असतं.

धुवायचं रिठ्याच्या गार पाण्यात.
पाण्यात उभा ठेवून चहाला उठलीस तर
"तुला उलटं टांगतो, बघू मान सरळ ऱ्हाते काय."
श्रावणात इथं भिंतीलाही बुरा येतो,
तेव्हा कुंचले कुंद्याच्या रिकाम्या डब्यात,
कापराची वडी, कडुनिंबाची चार पानं,
डबा चुलीवरच्या फळीवर.
आमच्या हाताला जन्मभर
कुंदा, कापूर आणि धूर असा एकच वास.

एका वर्षी फर्मान आलं पाट्यांचं.
वरची ओळ खाली, खालची वर,
ही अक्षरं एवढी, ती तेवढी.
ज्या पाट्या त्यांनीच रंगवल्या होत्या
त्यावर तेच चढले शिडी घेऊन,
आधी पांढरा हात, मग दुसरी लिपी.
कानडी त्यांच्या आईची, मराठी गल्लीची.
दोन्ही वळणं सारखीच गोल यायची त्यांना.
"पैशे दोन्ही बारीला मिळाले," म्हणाले.
हसले नाहीत.
रात्री मी कागद लावून ठेवला होता,
शिंपल्यात थेंब सोडून ठेवले होते.
बराच वेळ नुसते तळवे बघत बसले.
"आज नको गं.
आज हात लई मोठा झालाय."

ते गेल्यावर सात वर्षांनी
मल्लेश, धाकटा, डबा घेऊन आला.
घर पाडायला काढलंय, तुम्हालाच असू दे.
कापूर उडून गेलेला. एका कुंचल्याला कसर.
बाकी तीन पाण्यात बुडवले, झटकले:
टोक.
एका शिंपल्यात तळाला निळा,
तडे गेलेला, कोपऱ्यातल्या तळ्यासारखा,
त्यांनी वाटलेला, त्यांच्या डिंकातला.
गार पाण्याचा एक थेंब सोडला.
थोडा वेळ काही नाही.
मग कडेनं हलला तो,
झोपेतून नाव ऐकल्यासारखा.

अर्धाच भिजवला.
अर्धा तसाच ठेवलाय, कोरडा.
सकाळी दारच्या पेरूखाली
शेंगदाणे टाकले.
माझ्याकडं कुठल्याच खारीचं देणं नाही,
तरी.