वरचा बाण

फर्मागुडीच्या टेकडीवर, खोली नंबर बावीस.
तीन खाटा, दीड पंखा (अर्धा नुसता आवाज करायचा),
आणि एकच संगणक,
अ‍ॅग्नेलच्या तारवटी मामाने बोटीवरून आणलेला.
पडद्याला कायम हिरवट झाक,
त्यामुळे आमच्या खेळातले शूर सैनिक
नुकतेच टायफॉइडातून उठल्यासारखे दिसायचे.

कळफलकावरचा वरचा बाण पहिल्याच महिन्यात गेला.
रोहिदास म्हणाला, अ‍ॅग्नेलने उपटला.
अ‍ॅग्नेल म्हणाला, उंदराने नेला.
मी मिरजेचा, नवा, गप्प बसलो.

वर म्हणजे पुढे.
पुढे जाणंच बंद झाल्यावर
अ‍ॅग्नेल मोटारींची अख्खी शर्यत
रिव्हर्समध्ये धावला, आणि तिसरा आला.
त्या रात्री फोंड्यात गाड्यावर रस-ऑम्लेट.
पैसे उलट्या विजेत्याने द्यायचे
हा नियम तो पाकीट काढत असताना झाला.

मग रोहिदासने त्या खाचेवर
फेविकॉलने काजूची बी चिकटवली.
रोहिदास च्यारी, घराण्यात सुतारकी,
काम पक्कं.
जानेवारी ते एप्रिल आम्ही त्या बीवर पुढे गेलो,
किल्ले घेतले, ट्रक पळवले,
आणि एप्रिलात ती खरंच उंदराने नेली.
अ‍ॅग्नेल दोन दिवस
निर्दोष सुटलेल्या माणसासारखा चालत होता.

कोकणी मी त्याच खुर्चीत शिकलो.
धांव. मार ताका. मेलो.
एवढ्या भांडवलावर बाजारात बांगडे आणायला गेलो
आणि कोळणीने मला वांगी घ्यायचा सल्ला दिला.

एका रविवारी डिचोलीहून रोहिदासची आई आली,
डब्यात सुंगटांचं हुमण, वर केळीचं पान.
लेक बंदूक चालवत होता. ती मागे उभी राहिली,
चार माणसं पडेपर्यंत बोलली नाही.
मग विचारलं,
"ताणीं तुजें कितें वायट केलां रे?"
रोहिदासला उत्तर सुचेना.
तेवढ्यात पाचव्याने त्याला मारलं.
"बरें जालें," म्हणत तिने डबा उघडला.

आणि परीक्षेच्या आदल्या रात्री, दीड वाजता,
तिघेही एकाच बॉम्बमध्ये सापडलो.
"मेलो रे मेलो!" असा काही ओरडलो
की रेक्टर वेरेंकर सर
लुंगी, टॉर्च आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावत वर.
"कोण मेलो?"
आम्ही तिघांनी हात वर केले.
सरांनी पेटी खाली ठेवली, पडद्याकडे पाहिलं,
आमच्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे.
"सरक," म्हणाले.
अकरा सेकंद टिकले.
मग उठले, लुंगी आवरली, मेन स्विच बंद केला,
आणि जिन्यावरून अंधारात त्यांचा आवाज आला,
"ती वरची कळ कोणी नेली रे? पुढे जाताच येत नाही."

त्या रात्री कोणी अभ्यास केला नाही.
खाटांवर पडून हसत राहिलो,
एक थांबला की दुसरा,
पदेराच्या सायकलचा भोंपू खालून वाजेपर्यंत.
पेपरात तिघेही गेलो. सारख्याच मार्कांनी,
त्याचीही वेगळी चौकशी झाली.

आता अ‍ॅग्नेल मामासारखाच बोटीवर,
रोहिदास वेर्ण्याला कारखान्यात, मधुमेह धरून.
वर्षातून एकदा फोन जुळतो तिघांचा,
आणि दहाव्या मिनिटाला हटकून तेच भांडण,
उपटला की उंदराने नेला.
वीस वर्षं झाली. उंदीरही वारला असेल.

माझ्या दाढीच्या डब्यात, ब्लेडांच्या खाली,
एक छोटा काळा चौकोन आहे, त्यावर वर जाणारा बाण.
सलग नऊ वेळा हरलो होतो त्या संध्याकाळी.
मूठ आपटली, तो उडाला, मी खिशात टाकला,
म्हटलं, उद्या सांगू.

परवा फोनवर सांगणारच होतो.
पण अ‍ॅग्नेल इतका जीव तोडून
उंदराचं वर्णन करत होता,
शेपूट केवढी, मिशा कशा,
की मीही म्हणालो,
हो, मी पण पाहिला होता.